डावी टाकी, उजवी टाकी

धाटावच्या कंपनीत मी फिटर होतो. नोकरी सुटल्यावर आम्ही नवरा-बायकोनं एक जुनी बोट घेतली आणि रोह्याच्या खाली, कुंडलिकेच्या खाडीत माणसं न्यायला-आणायला लागलो. बायको पेणकडच्या मिठागरातली लेक, लहानपणापासून मिठाच्या होड्यांवर वाढलेली, त्यामुळे सुकाणू तिच्याकडे आणि इंजिनं माझ्याकडे.

बोटीला इंजिनं दोन, टाक्याही दोन. डावी टाकी डाव्या इंजिनाला, उजवी उजव्याला. एका टाकीतलं डिझेल संपलं तर दुसरीतलं घेता यावं, म्हणून मी मधे पाइप जोडून व्हॉल्व्ह बसवला. तिनं तो वाकून बघितला.

"ह्यो एरवी बंदच ठेवायचा," ती म्हणाली. "दोघांनी एकाच टाकीतलं पिलं, तर दोघं एकदमच आजारी पडायची. मग दोन इंजिनं काय कामाची?"

नव्या ठिकाणचं डिझेलही दोन्ही टाक्यांत एकदम ओतायचं नाही, हा नियमही तिचाच.

एकदा आम्ही नवरीकडची मंडळी पलीकडे नेत होतो. सकाळी नेहमीच्या पंपावर डिझेल नव्हतं, म्हणून दुसरीकडून आणलेला कॅन डाव्या टाकीत रिकामा केला होता. खाडीच्या मध्यावर डावं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. ओहोटी जोरात होती. एकट्या उजव्याच्या रेट्यानं बोट डावीकडे वळायला लागली, आणि डावीकडे वाळूचा बांध उघडा पडत होता. बायका देवाचं नाव घ्यायला लागल्या.

"अहो, दुसऱ्या टाकीतलं द्या ना त्याला!" नवरीचा मामा ओरडला.

मी खाली उतरून फिल्टर सोडला. डिझेलच्या आधी पाणीच आलं.

"पाणी हाय गो!" मी वर ओरडलो.

"मग मधला उघडू नका! डावी टाकी बंद करा, आन् वर या!"

मी डावी टाकी बंद करून वर आलो. तिनं सुकाणू छातीशी दाबून धरलं होतं, हाताच्या शिरा तटतटल्या होत्या. उजवं इंजिन तिनं जरा हळू केलं, तशी बोट सरळ झाली. वाळूचा बांध हातभर अंतरावरून मागे गेला. धक्क्याला बोट लागली तेव्हा नवरी चपला हातात घेऊन उतरली आणि थांबली.

"मावशी, तुम्ही घाबरला नाय?"

"घाबरले ना. पण उजवं चालू होतं की."

त्या संध्याकाळी डावी टाकी आम्ही दोघांनी मिळून उपसली, पुसून कोरडी केली.

गेल्या वर्षी पेणकडं तिच्या भावानं दोन इंजिनांची बोट घेतली. बोट पाण्यात सोडायच्या आधी त्यानं फोन केला, "ताईला घेऊन या, पाइप तिनं बघितल्याशिवाय सोडायची नाय." पदर खोचून ती बोटीच्या पोटात उतरली. भाऊ आणि त्याचे सोबती वरून बघत होते. तिच्या मागोमाग उतरायची मलाही सवय, पण मी मुद्दाम काठावरच बसलो. शेजारी एक म्हातारा होता. "कोण हो ही?" त्यानं विचारलं.

"माझी बायको," मी म्हणालो, आणि जरा मोठ्यानंच म्हणालो.