दोन इंची पाइप

पाइप वाकवण्याआधी पुंगीमास्तर त्यात वाळू भरायचे. कोरडी, चाळलेली, बारीक वाळू. दोन्ही तोंडांना लाकडी बूच ठोकायचे आणि भट्टीत पाइप लाल होईपर्यंत शेजारी स्वस्थ बसून राहायचे. रिकामा पाइप वाकवला की वळणाच्या पोटात चुण्या पडतात आणि तिथे धूर अडखळतो. वाळूने भरलेला पाइप मात्र झोपेतल्या मांजरासारखा अंग वळवतो.

गाड्यांचे धुराचे पाइप बनवणं हा त्यांचा धंदा. पुंगीमास्तर हे नाव गल्लीने थट्टेने ठेवलं, आणि पुढे तेच मानाचं झालं. त्या काळी जो तो मोठ्या आवाजासाठी जाडजूड पाइप लावून घ्यायचा. मास्तर म्हणायचे, "आवाज गाडी ओढत नाही. धुराला चिंचोळी वाट दिली की तो पळत सुटतो, आणि पळताना मागच्या धुराचा हात धरून नेतो." त्यांनी पाइप आवळले, आणि खरंच, चढावर धापा टाकणाऱ्या टॅक्सी ताठ मानेने चढू लागल्या. अर्धं आयुष्य ते या एका गोष्टीवर बरोबर ठरले. माणूस इतकी वर्षं बरोबर ठरला की चुकायची सवय मोडते, आणि ती मोडलेली बरी नव्हे.

त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ दुसऱ्यांच्या गाड्या हाकत चाळिशीला टेकला होता. हात सोन्याचा, नशीब भाड्याचं. डोंगरचढाईच्या शर्यतीत पहिल्या तिघांत आलास तर आमच्याकडे चालक म्हणून घेतो, असं शर्यतीच्या एका संघाच्या प्रमुखाने त्याला सांगितलं होतं. पुढच्या वर्षी वय आडवं येणार होतं. म्हणजे ही एकच शर्यत. त्यासाठी त्याने आपल्या जुन्या गाडीला सुपरचार्जर बसवून घेतला. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा तो पंप. बसवणारा मिस्त्री गाडीबरोबरच मास्तरांच्या दुकानात आला. जुना पाइप त्याने काढून टाकला होता, त्यामुळे गाडी गल्लीत शिरली ती तोफ डागत.

"दाजी, आता सगळं तुमच्या पुंगीवर," मेहुणा उतरत म्हणाला. "गाजराची नाही ना?"

"गाजराची असती तर तुझ्या बहिणीने केव्हाच किसून टाकली असती."

बाकावर बसलेली गल्लीतली माणसं हसली. मिस्त्री हसला नाही. तो गाडीखाली वाकून बोलला, "मास्तर, जुना दोन इंची होता. आता तो पुरायचा नाही, अडीच तरी लावा. आत दीडपट हवा जाणार, मग बाहेरही तेवढी यायला नको? इथे धुराला पळवायची गरज नाही. मागून पंप ढकलतोच आहे. फक्त वाट मोकळी द्या."

बोलणं सरळ होतं. एकटं गाठून बोलला असता, तर मास्तरांनी कदाचित ऐकलंही असतं. पण बाक भरलेला होता, आणि मिस्त्रीच्या मिशीत अजून एकही पांढरा केस नव्हता.

"तू हवा कोंब," मास्तर म्हणाले. "बाहेर कशी काढायची ते मी बघतो. दोनच इंच. माझ्या वळणाचा."

मेहुण्याने एकदा मिस्त्रीकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. "दाजी म्हणतात तर दोनच," तो म्हणाला.

पाइप देखणा झाला. एक चुणी नाही, सांध्यावर बोट फिरवलं तर सांधा सापडू नये. गाडीत काचेसमोर मिस्त्रीने एक काटा बसवला होता. इंजिनात किती दाबाने हवा कोंबली जाते ते तो दाखवायचा. पाइप नव्हता तेव्हा काटा अर्ध्याच्या अलीकडे थांबत होता. मास्तरांचा पाइप लावून फेरी मारली, तर तो अर्धं ओलांडून गेला.

"चढला! दाब चढला!" मागे बसलेला शेजारी खिडकीतून डोकं काढून ओरडला, आणि बाकावरची माणसं उठून उभी राहिली. "मानलं मास्तर!"

मेहुणा मात्र उतरून जरा घुटमळला. "काटा चढलाय दाजी, पण गाडी म्हणावी तशी उचल घेत नाही. गुदमरल्यासारखी वाटते."

मास्तर गाडीखाली सरकले. तिथल्या सावलीत, इंजिनजवळ, पाइप मंद लाल दिसत होता. एवढ्याशा फेरीत. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. नाटक सुटल्यावर थिएटरचं एकच दार उघडलं, तर दाराशी रेटारेटी वाढते. म्हणून काही प्रेक्षक वाढलेले नसतात. काटा चढला होता तो हवा आत जास्त गेली म्हणून नाही, बाहेर जायला जागा नव्हती म्हणून. अडीच इंची पाइप दुकानात मागच्या लाकडी घोडीवर पडून होता. दुपारभराचं काम होतं.

ते बाहेर आले तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

"इंजिन रुळायचंय अजून," मास्तर हात पुसत म्हणाले. "घे वर. बिनधास्त घे."

शर्यतीत गाडी पहिली दोन वळणं छान चढली. तिसऱ्या वळणावर चढ उभा होता. तिथे तिचा सूर फाटला, मग आतून हातोडे मारल्यासारखा आवाज आला, आणि बॉनेटमधून वाफ उसळली. संघाच्या प्रमुखाने मान वळवून पुढची गाडी बघायला घेतली. वाईट असं तो काहीच बोलला नाही. बोलण्याइतकी त्याला ती गोष्ट मोठी वाटली नाही.

मेहुणा डोंगरकडेला दगडावर बसला होता. मास्तर हाशहुश करत तिथवर चढून गेले. खरं सांगायचंच ठरवून गेले होते. पण त्याने वर पाहून विचारलं, "काय झालं असेल हो दाजी?" आणि त्या विश्वासाने भरलेल्या तोंडाकडे बघून मास्तरांच्या तोंडून निघालं, "सुपरचार्जरनेच घात केला रे. नीट बसवला नव्हता."

मिस्त्रीने मेहुण्याला आपल्याकडे कामाला ये म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. शर्यत हुकली तरी तेवढी एक जागा शाबूत होती. ती मेहुण्याने त्याच संध्याकाळी स्वतःच्या हाताने घालवली. मिस्त्री म्हणाला, "अरे, पाइप कापून बघ एकदा." तर याने त्याची गचांडी धरली. "दाजींच्या कामाला नाव ठेवतोस?" मिस्त्रीने दार लावून घेतलं.

त्याला मग खाणीवरच्या ट्रकची नोकरी मिळाली. दूर, धुळीत, माणसांपासून तुटलेली. जायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, माझ्याजवळ नका सांगू. त्याला सांगा. तो मिस्त्रीची माफी मागेल, मिस्त्री मनाने वाईट नाही. निदान इथे तरी राहील माझा भाऊ."

सकाळी मास्तर बस थांब्यावर गेले. मेहुण्याने पिशवी टपावर टाकली होती.

"अरे, त्या पाइपाचं..." त्यांनी सुरुवात केली.

"सोडा हो दाजी." त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुमच्यामुळे तर काटा तेवढा चढला. बघितला मी माझ्या डोळ्यांनी. एकदा तरी बघितला."

बस सुटली. मास्तर धूर विरेपर्यंत उभे होते.

घरी बायको दारातच होती. "बोललात?"

"हो."

"काय म्हणाला?"

"विचार करतो म्हणाला."

"मग येईल तो," ती म्हणाली. "आठ दिवसांत येईल बघा. त्याला राग धरता येत नाही." आत जाऊन तिने भावाची गादी उन्हात टाकली, उशीचा अभ्रा काढून भिजत घातला. मास्तर उंबऱ्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले. ती गादीवर छडीने मारत होती, आणि मध्येच थांबून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती.