अकरा पायऱ्यांचा जिना

आमच्या उज्जैनच्या घराचा जिना मोडायचा हट्ट माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे घरात मला कोणी तसं बोलून दाखवलं नाही, आणि न बोललेलं मला जास्त लागतं.

घर देवास गेटच्या मागच्या गल्लीत. खाली धान्याची खोली आणि नळ, वर आम्ही; मोरी-संडासही वरच, मागच्या गच्चीवर. दारातून आत आलं की अंधारा बोळ आणि त्याच्या टोकाला सरळसोट दगडी जिना. पायऱ्या अकरा, पण एकेक अशी उंच की कळशी घेऊन चढताना जीव मेटाकुटीला यायचा. कठडा नव्हता. वरच्या तुळईला एक जाड दोर बांधलेला होता, तो धरून चढायचं-उतरायचं. दाराबाहेर ओटा होता.

तो ओटा म्हणजे माझ्या सासऱ्यांची कचेरी. मामंजी संस्थानच्या नोकरीतून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. संस्थान गेलं, मध्य भारत आला, आणि आता मध्य भारतही मोडून नवा मध्य प्रदेश होत होता. आपली जुनी नोकरी नव्या सरकारात कुठे बसते, ही जो तो काळजी करत होता, आणि जुने नियम तोंडपाठ असलेला माणूस गल्लीत एकच होता. रोज सकाळी आंघोळ उरकून मामंजी एकटे खाली उतरत आणि ओट्यावर बसत. लोक कागद घेऊन येत. "वाचा," मामंजी म्हणत, डोळे मिटून ऐकत आणि अर्जाचा मजकूर तोंडी सांगत. स्वतः कागद हातात घेत नसत. जन्मभर हाताखालच्या कारकुनांकडून वाचून घेतलेला माणूस, आम्हाला त्यात नवल वाटलं नाही.

ह्यांचं ऑफिस भोपाळला हललं. तिथे घर मिळेपर्यंत मी आणि मामंजी इथेच राहायचं ठरलं. मी मुलींच्या शाळेत शिकवायची, शाळा सकाळची. मामंजींची पंचाहत्तरी झालेली, डोळ्यांत मोतीबिंदू. मी शाळेत असताना ते जिन्यावरून पडले तर, हे फळ्यावर गणित लिहितानाही डोक्यातून जाईना.

"मामंजी, जिना सोपा करून घेऊ या," मी म्हटलं.

"मला कुठे अडचण आहे? आहे तो बरा आहे."

सुनेला त्रास नको म्हणून म्हणतात, असं मी समजले. भोपाळला पत्र टाकून ह्यांचा होकार मागवला. मामंजींचा नकार मात्र सोयीस्करपणे विसरले.

मिस्त्री उतारवयाचा होता आणि गोड बोलायचा. पहिल्याच दिवशी तो जिन्याखाली उभा राहून बोटाने पायऱ्या मोजू लागला, "इंद्र, यम, राजा. इंद्र, यम, राजा." शेवटच्या पायरीला त्याने तोंड वाकडं केलं.

"बाईसाब, ये तो यम पे जा के रुकती है. इत्ते बरस कैसे रह लिए आप लोग?"

त्याच्या धंद्यातली रीत अशी की शेवटची पायरी इंद्रावर नाहीतर राजावर यावी, यमावर येऊ नये. आमच्याकडची रीत अशी की पायऱ्या विषम हव्यात. मी पाटी आणली आणि आम्ही दोघांनी बसून हिशेब जुळवला. पंधरा. विषम आणि राजावर संपणारी. मुलींना अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारी मी, पण सासूबाई याच घरात अकाली गेल्या होत्या, आणि यमाचं नाव निघाल्यावर मला ते आठवलंच. पंधरा बुटक्या पायऱ्या सरळ मावेनात, म्हणून खालच्या चार दाराच्या बाजूला वळवायच्या ठरल्या. दोराऐवजी लाकडी कठडा. मी आपल्या हुशारीवर खूश होते.

"चार दिन का काम है," मिस्त्री म्हणाला होता. सव्वा महिना गेला. कधी अमावस्या, कधी महाकाळाची सवारी, कधी त्याच्या गावचे पाहुणे क्षिप्रेवर स्नानाला आलेले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तोवर मागच्या गच्चीला टेकवलेली बांबूची शिडी हाच आमचा रस्ता. त्या शिडीवरून पदर खोचून मी पाणी वर नेत होते. मिस्त्रीच्या हाताखालची रेजा, म्हणजे मजूर बाई, खालून कळशी देई, मी वरून घेई. डाळीत धूळ, अंथरुणात धूळ. शाळेतून आले की मिस्त्रीचा चहा, मग पाणी, मग झाडणं. जेवायचासुद्धा कंटाळा यायचा.

मामंजी वरच्या खिडकीत बसून असत. पहिले काही दिवस लोक गल्लीतून त्यांना हाक मारत, मग मारेनासे झाले. खिडकीत ओरडून कोणी आपली पेन्शन सांगत नाही. आणि रोज संध्याकाळी मामंजींचा एकच प्रश्न, "किती पायऱ्या झाल्या?"

कामाला उशीर होतोय म्हणून टोचतात, असं वाटून मी एकदा तडकलेच. "झाल्या की सांगीन, मामंजी. मी काय हातात थापी घेऊन बसू?"

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

काम पुरं झालं त्या सकाळी मिस्त्रीने नारळ फोडला. आम्ही दोघं खाली दाराशी उभे होतो. मी वर हाक दिली, "मामंजी, या. तुम्हीच आधी उतरा." हात धरायला वर जाऊ लागले, तर त्यांनी नको म्हटलं. ऐटीत उतरले. ओठ हलत होते, मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. अकराव्या पायरीवर त्यांनी कठडा सोडला आणि सपाट जमिनीवर टाकावं तसं पाऊल समोर टाकलं.

मिस्त्रीने झेप घेऊन त्यांना अर्ध्यात सावरलं. पायऱ्या बुटक्या म्हणून हाड मोडलं नाही, एवढंच काय ते श्रेय माझं. मामंजी खालच्या पायरीवर बसून राहिले, हाताने दगड चाचपत. दार सताड उघडं होतं आणि सकाळचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर पडलं होतं.

"दार कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"मामंजी, तुम्हाला दिसत नाही?" मी म्हटलं.

"दोन वर्षं झाली. अकरा मोजायच्या, मग सात पावलं, मग उंबरा. चाललं होतं की." मग म्हणाले, "भोपाळला कळवू नकोस. तो नोकरी टाकून येईल."

मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. "फिर से ग्यारह कर दूँ, बाईसाब?" पण जुने दगड फोडून त्याने त्याच पायऱ्यांच्या भरावात घातले होते. आणि सव्वा महिना पुन्हा सोसण्याची ताकद माझ्यात नव्हती, हेही खरं.

मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. अकरा सरळ, मग वळण, मग चार. आठ-दहा दिवस हात धरून चढलो-उतरलो. शेवटी तेच म्हणाले, "राहू दे. या वयात नवा पाढा बसत नाही." मग शाळेला जाताना मी त्यांना ओट्यावर बसवून जाऊ लागले आणि दुपारी आल्यावर वर नेऊ लागले. लोक पुन्हा कागद घेऊन येऊ लागले. येणाऱ्या प्रत्येकाला मामंजी सांगत, "सूनबाईंनी जिना फार आरामाचा करून घेतला."

त्याच सुमारास त्यांनी सकाळचा चहा सोडला. पन्नास वर्षांची सवय. मी विचारलं, पित्त होतं का? नाही म्हणाले. मी फारच खोदून विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले,

"चहा प्यायला की मधेच वर यावं लागतं गं."