आतोबांच्या केकचा पहिला घास

समस्त थाटीपुरवासीयांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, रविवारी सकाळी आमच्या आतोबांच्या अंगणातून जो काळा लोट उठतो, ती आग नसून ब्राउनी असते. कृपया बादल्या घेऊन धावू नये. धुराला इतक्या प्रेमाने वागवणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा नाही.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जन्मभर सरकारी कचेरीत फायली सांभाळल्या आणि निवृत्त झाल्यावर मोबाइलवर कुणा परदेशी माणसाला पिंपात केक भाजताना पाहिलं. आठव्या दिवशी पडाव भागातल्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, तेलाचं पिंप टेंपोत बसून घरी आलं. आतोबांनी त्याला दार बसवलं, जुन्या बंबाचं धुराडं लावलं आणि ‘स्मोकर’ असं नाव ठेवलं. शेजारचे पंडितजी त्याला इंजिन म्हणतात. “बाबूजी, आज इंजन कितने बजे छूटेगा?” असं ते भिंतीवरून विचारतात, आणि आतोबा घड्याळ बघून खरोखर वेळ सांगतात. जूनच्या गरम झळांत एकदा त्यांनी पिंपाभोवती ओली गोणपाटं गुंडाळली होती. का, तर “चॉकलेटला लू लागेल!” आत निखारे धगधगत होते, त्याचं काही नाही. लाकूड मात्र बाभळीचंच. “बाभळीचा जाळ म्हणजे जाळ, बाकी सगळं फालतू!”

चवीबद्दल काय सांगू? विडी ओढता ओढता कोको प्यायल्यासारखं लागतं. पण आतोबा बशी पुढे करून असे काही बघतात की आम्ही सगळे वर्षभर ‘वा, वा’ करत आलो. मी तर एकदा डोळ्यांत पाणी आणून “अप्रतिम!” म्हणालो. पाणी तेवढं खरं होतं.

आता तुम्ही विचाराल, स्वतः आतोबांना चव कळत नाही? कशी कळणार? त्यांनी स्वतःचा केक कधी खाल्लाच नव्हता! “चाळीस वर्षं ही माझ्या मागून जेवली रे,” ते मला एकदा म्हणाले. “तळाची आमटी, गार पोळी. एक तरी पदार्थ तिने माझ्या आधी खाल्लेला मला बघायचाय.” आत्या अंडं खात नाही, म्हणून तर केकात तेसुद्धा घालत नाहीत. आणि आत्या म्हणे, “ह्यांच्या आधी मी? जन्मात नाही केलं ते आता केकापायी करू?” त्यामुळे केक सगळ्या गल्लीत फिरायचा, घरात मात्र कुणी तोंड लावायचं नाही. आत्या ओसरीत मेथी निवडत, पिंपाकडे पाठ करून बसायची आणि मध्येच नाक वर करून विचारायची, “लाकूड कुठलं घातलंय?”

“तू आधी खा, मग विचार!”

मागच्या रविवारी आत्याचा वाढदिवस होता. आतोबांनी दोन थरांचा केक काढला आणि म्हणाले, “आज नाही खाल्लंस तर पिंप कबाड्याला परत.” आत्याने मेथी खाली ठेवली. पण हट्ट सोडेना. मग मी मध्ये पडलो. तीन म्हटलं की दोघांनी एकदम खायचं, असं ठरलं. मी तीन म्हटलं, तर दोघंही घास हातात धरून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसले. दुसऱ्यांदा तेच. शेवटी मी ओरडलो, “अहो, लग्नात भरवला होता तसा एकमेकांना भरवा ना!”

दोघं लाजले. या वयात! भिंतीवरून पंडितजींनी टाळ्या वाजवल्या. आणि दोन घास एकाच वेळी दोन तोंडांत गेले.

आतोबा चावता चावता थांबले. गेलं वर्षभर आपण गल्लीला काय खाऊ घालत होतो, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेरूच्या झाडाकडे पाहिलं. आतोबांचा चेहरा असा उतरला की मला माझ्या एकेका ‘अप्रतिम’ची लाज वाटली. हळूच त्यांनी ताटली ओढून घेतली, बहुतेक फेकून द्यायला.

तेवढ्यात आत्याने हात पुढे करून केकचा भलामोठा तुकडा तोडला. नवऱ्याने खाल्लं की नाही, हे न बघता तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने म्हणाली, “अहो, गोडाला बाभूळ लावतं का कुणी? सरका तिकडे, उद्या जाळ मी घालते!”