रेडिएटरमधली हळद

आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली गाडीही माझीच, जुनी का असेना. पन्हाळ्याच्या चढाला एकदा तिचा रेडिएटर गळायला लागला. शेजारी आबा होते, माझे वडील, जन्मभर ट्रॅक्टर चालवलेले. त्यांनी वाटेतल्या हॉटेलातून चिमूटभर हळद मागून आणली आणि इंजिन गार झाल्यावर पाण्यात टाकली. गळती थांबली.

"घरापतूर जाईल. उद्या समदं धुवून काढ, न्हायतर आत घट्ट बसंल," आबा म्हणाले.

मी धुतलं नाही. उलट गळती दिसली की स्वतःच मूठभर हळद टाकत चार महिने गाडी पळवली.

शेवटी उचगावच्या गॅरेजात मिस्त्रीनं रेडिएटर उतरवला, तर आत नुसता पिवळा गाळ.

"काय पावणं, पिठलं शिजवत होता व्हय ह्यात?"

सगळे हसले. मला ते सोसलं नाही.

"आमच्या म्हाताऱ्याचं काम. अडाणी माणूस, सांगून ऐकत न्हाय," मी म्हणालो.

आबा मागच्या बाकावरच बसले होते.

जुना साफ करून बसवू की नवा घालू, असं मिस्त्रीनं विचारलं. तो जुना मला डोळ्यांसमोर नको होता. मी नवाच घेतला, चांगल्यातला. तो बसवेपर्यंत आबा बसनं घरी गेले होते.

आता गाडी अजिबात तापत नाही. आबा तिच्यात बसत नाहीत. चूक माझी होती, एवढं त्यांना सांगायला मला अजून तोंड उघडता आलेलं नाही, आणि येईल असं वाटतही नाही.