मंडळाच्या अध्यक्षांचा सत्कार

सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस मोबाइलवर लढाया करेल, असं आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण बाबा करायचे. त्या गेममध्ये प्रत्येकाचा एक किल्ला, थोडी शेती, थोडं सैन्य. आणि एकट्याचा किल्ला टिकत नाही म्हणून बऱ्याच जणांनी मिळून केलेली एक युती. आमच्या युतीला सगळे ‘मंडळ’ म्हणायचे आणि बाबा त्या मंडळाचे अध्यक्ष होते. बाकीची मुलं वाळूजच्या आणि चितेगावच्या कंपन्यांत शिफ्ट करणारी, बसमध्ये येता-जाता खेळणारी. दिवसभर रिकामा आणि तरीही इतका काटेकोर अध्यक्ष त्यांना दुसरा कुठं मिळणार होता? मी औरंगपुऱ्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरीला होते. बाबांना मोबाइलवर मराठी लिहिता येईना म्हणून मदतीला शिरले आणि उपाध्यक्ष होऊन बसले.

हुकूम बाबा सांगायचे, मी लिहायचे. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उद्या सायंकाळी शत्रूच्या किल्ल्यावर हल्ला करण्याचे योजिले आहे. तरी सर्वांनी सैन्यासह वेळेवर उपस्थित राहावे.’ “बाबा, ही लढाई आहे, वार्षिक सभा नाही,” मी म्हणायचे. ते ऐकत नसत. गंमत म्हणजे मुलं खरोखर वेळेवर हजर व्हायची. निवृत्तीनंतर बाबा नुसते गॅलरीत बसून राहायला लागले होते, जेवणावरही वासना नव्हती. या मंडळानं त्यांना पुन्हा माणसांत आणलं. आई तर त्या गेमला मनातल्या मनात दुवाच देत असावी.

ती वर्षं दुष्काळाची होती. आम्ही जुन्या शहरातून बायपासच्या पलीकडं नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. तिथं इमारती भराभर वर चढत होत्या, नळ मात्र पोचला नव्हता. सोसायटीचा टँकर आला की बाबा गेटवर जाऊन उभे राहायचे आणि समोरच्या बांधकामावरच्या बायकांना आधी हंडे भरू द्यायचे. त्यावरून लोक कुरकुरायचे, पण बाबांचं एकच म्हणणं: पाण्याला आणि धान्याला नाही म्हणू नये. घरात हे सोसत होतं. गेममध्ये ते आमच्या अंगाशी आलं.

एक दिवस एका अनोळखी खेळाडूनं बाबांना निरोप पाठवला: ‘यंदा आमच्याकडे काहीच पिकलं नाही. आम्हाला तुमच्यात घ्या.’ अहो, त्या गेममध्ये पाऊसच नाही, तर दुष्काळ कुठून पडणार? बाबांना हे सुचलंच नाही. त्यांनी मला न विचारता त्याला मंडळात घेतलं आणि सगळ्यांचं सामायिक कोठार उघडून दिलं. तो शत्रूचा माणूस होता. कोठार धुऊन नेलं आणि वर आमचे निम्मे किल्ले जाळले. मुलांनी ते मुकाट गिळलं. पुढं थोड्याच दिवसांत बाबांनी दुसऱ्या एकाला असंच आत घेतलं, तेव्हा मात्र चितेगावच्या एका सभासदाचा मला फोन आला.

“ताई, काका लई मोठ्या मनाचे हायेत. पण मंडळ बुडायलंय. अध्यक्ष बदलावा लागतो.”

“मग सांगा त्यांना.”

“आम्ही? नाय बा. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगावं?”

सांगण्याशिवाय गत्यंतरही नव्हतं. अध्यक्ष गेममध्ये येईनासा झाला तरच त्याचं पद दुसऱ्याला घेता येतं. नाहीतर त्यानं स्वतः बटण दाबून ते द्यायचं. आणि बाबा तर रोज यायचे. शेवटी मुलांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणं मार्ग काढला. त्यांनी बाबांचा सत्कार ठरवला.

रविवारी सकाळी चौघं जण शाल-नारळ घेऊन घरी आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं पोहे केले होते, आणि मी सगळं माहीत असल्यामुळे स्वयंपाकघरातून बाहेरच येत नव्हते. चितेगावच्यानं बाबांना शाल पांघरली, नारळ दिला, पाया पडला आणि भाषणाला उभा राहिला. काकांनी मंडळ उभं केलं, काकांनी शिस्त लावली, काकांनी लई जीव लावला. मुद्द्यापाशी आला की बिचाऱ्याची गाडी अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. असं दोन-तीनदा झाल्यावर बाबांनी हात वर केला.

“बस रे बाबा,” ते म्हणाले. “कचेरीत निरोप समारंभाच्या सगळ्या शाली मीच आणायचो. मला कळते ही शाल.”

कुणीच मान वर करेना. मला त्या मुलांचा राग आला, तो गेम काढणाऱ्याचा आला, आणि बाबांनी हे इतक्या चटकन ओळखलं याचं फार वाईट वाटलं.

“तुमचं बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “पण खरं सांगू? उद्या पुन्हा कुणी मागितलं तर मी पुन्हा देईन. तेव्हा कोठार माझ्या हातात नकोच.” मग मला हाक मारून म्हणाले, “कोणतं बटण ते दाखव. आणि तुला नाही देत हं मी. तू चार दिवसांत मलाच परत बसवशील.”

मी बसवलंच असतं. बाबांनी चितेगावच्याचं नाव निवडलं आणि बटण दाबलं. सभासदांच्या यादीत सगळ्यात वर असलेलं त्यांचं नाव पार तळाला गेलं, कालपरवा आलेल्या पोरांच्याही खाली. चष्मा कपाळावर सरकवून बाबा ते शोधत राहिले. सापडलं तेव्हा त्यांनी नव्या अध्यक्षाकडं पाहिलं.

“मी राहू ना मंडळात?”

इतक्या वर्षांत घरात बाबांना असं विचारताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला भडभडून आलं. चितेगावच्याचेही डोळे भरले होते, पण त्यानं घसा खाकरला आणि आवाज चांगला करडा केला.

“राहू काय म्हणता, काका? संध्याकाळी हल्ला हाय. सगळं सैन्य घेऊन या. उशीर चालायचा नाय.”

“येतो, येतो,” बाबा म्हणाले, आणि शाल अंगावर तशीच ठेवून मोबाइल चार्जिंगला लावायला उठले.