कारखानीसबाईंच्या गाडीचा पंप

"पंप मिळत नाही, असं सांगा तिला," वकीलसाहेब म्हणाले.

"मिळतच नाहीये साहेब," मी म्हणालो.

"उत्तम. मग शोधूही नका."

कारखानीस वकील कोर्टातून परस्पर गॅरेजमध्ये आले होते. काळा कोट अंगात तसाच होता. मला त्यांनी टायरांच्या ढिगाआड नेलं होतं आणि बोलताना सारखे रस्त्याकडे बघत होते. साक्षीदाराला पढवताना वकील कसे दिसत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

त्यांची गाडी आत उभी होती. हिरव्या रंगाची, युद्धाच्या आधीची, विलायती स्पोर्ट्स कार. स्पोर्ट्स कार म्हणजे बॉनेट लांबलचक, छप्पर कापडाचं आणि बसायला जागा दोन. मागे सामान ठेवावं म्हटलं तर एखादी वळकटी राहील. देश सोडून जाणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने ती विकायला काढली, तेव्हा वकीलसाहेबांनी हौसेने घेतली. पुढे असं झालं की त्यांना स्वतःला ड्रायव्हिंग जमलं नाही आणि त्यांच्या पत्नीला, कारखानीसबाईंना, फार चांगलं जमलं.

मी तेव्हा मुलुंडला आग्रा रोडवरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. परदेशी गाड्यांचे पार्ट आणायला सरकारी परवाना लागायचा, आणि असल्या म्हाताऱ्या गाडीच्या पार्टसाठी तो कोण काढणार? त्यामुळे वकीलसाहेब मला खोटं बोलायला सांगत होते, असंही म्हणता येत नव्हतं.

"साहेब, एक विचारू? गाडी दुरुस्त व्हायला नको आहे का?"

त्यांनी पुन्हा एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "राऊत, तिची आई बोरिवलीला एकटी असते. डोळ्यांना दिसत नाही फारसं. इकडे या म्हटलं तर येत नाही. म्हणून ही दर आठवड्याला जाते. घोडबंदरवरून. एकटी."

मुलुंडहून बोरिवलीला रेल्वेने जायचं तर आधी दादरला उतरून दुसरी लाइन पकडायची. अर्धा दिवस त्यातच जातो. मोटार असेल तर ठाण्याहून घोडबंदर रोडने वळसा घालून दहिसरला निघता येतं. पण त्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी जंगल होतं आणि गायमुखाला चढ.

"मागच्या खेपेला त्या चढावर गाडी उकळली. ही जंगलात बसून राहिली, इंजिन निवायची वाट बघत. मी इकडे फाटकाशी उभा. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. शेवटी आली ती हसत हसत. म्हणाली, मोर दिसला." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "मला त्या दिवशी काय वाटलं ते तिला सांगता आलेलं नाही. तुम्ही फक्त पंप मिळत नाही एवढं सांगा."

गाडी उकळण्याचं कारण सरळ होतं. इंजिनभोवती पाणी खेळतं ठेवायला एक पंप असतो. पुढचा पंखा आणि हा पंप एकाच दांड्यावर बसवलेले असतात, आणि त्यावरच्या पुलीवरून, म्हणजे खाचेच्या चाकावरून, जाणाऱ्या पट्ट्याने तो दांडा फिरतो. हा दांडा झिजला की हलायला लागतो, त्याच्या कडेने पाणी गळतं, आणि पाणी संपलं की गाडी चुलीवर ठेवल्यासारखी उकळते. बाईंच्या गाडीचा दांडा इतका झिजला होता की पंखा हाताने दाबला तर डोलायचा. गळती थांबावी म्हणून आधीच्या कोणीतरी दांड्याभोवतीचा नट आवळून आवळून पंपाच्या अंगालाच चीर पाडून ठेवली होती. नवीन पंपाशिवाय इलाज नव्हता.

गॅरेजचे मालक धुरीशेठ मालवणचे. त्यांना मी सगळं सांगितलं.

"बाई म्हणतात शोधा, साहेब म्हणतात शोधू नका. काय करू?"

धुरीशेठ विडी पेटवत म्हणाले, "सोधू नको. पण गावलो तर बसय."

एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेले. मीही एका टेम्पोच्या क्लचला लागलो. शोधायचा नाही, पण सापडला तर बसवायचा; दोन्ही पक्ष खूश राहतील असा निकाल होता तो.

निकाल टिकला नाही. त्याच आठवड्यात कारखानीसबाई टांग्यातून उतरल्या. हातात तागाच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. माझ्या बाकावर त्यांनी ते धाडकन ठेवलं.

"हा घ्या पंप."

मी फडकं सोडलं. खरोखरच पंप होता.

"बाई, कुठे मिळाला?"

"कुर्ल्याच्या भंगारात. तुम्ही गेला होतात ना तिथे?"

मी पंप उलटसुलट करून तपासायला लागलो. बाईंनी उत्तराची वाट बघितली नाही.

"ह्यांनी सांगितलं असेल, शोधू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "बरोबर ना?"

"बाई, मी नोकर माणूस."

"राऊत, माझी आई स्टोव्ह पेटवताना काडी कुठे धरते ते तिला दिसत नाही. मला पुढच्या रविवारी जायचंच आहे. बसतो का हा पंप, ते सांगा."

पंप त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचा होता. बोल्टांची भोकं जुळत होती. बेअरिंग चांगली होती. दांडा मात्र बोटाच्या दोन पेरांइतका जास्त लांब होता. लांब दांड्याने काय बिघडतं? पंखा तेवढाच पुढे येतो आणि रेडिएटरची जाळी कापून काढतो. शिवाय पट्टा तिरका चालतो आणि तुटतो.

"बसवू," मी म्हणालो. "पण आधी कापावा लागेल."

"कापा," बाई म्हणाल्या आणि टांग्यात बसून गेल्या.

संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन आला.

"पंप मिळाला म्हणे?"

"हो साहेब."

"तुम्हाला सांगितलं होतं, शोधू नका."

"मी नाही शोधला. बाईंनी आणला."

ते म्हणाले, "मग नीट तरी बसवा. अगदी नीट."

मी कामाला लागलो. पाणी काढलं, रेडिएटर उतरवला, पंखा उतरवला. जुन्या पंपाचे बोल्ट गंजून इंजिनशी एकजीव झाले होते. केरोसीन पाजून रात्रभर ठेवले, तरी एक तुटलाच. त्याचा अडकलेला तुकडा ड्रिलने पोखरून काढण्यात सबंध सकाळ गेली. नंतर नवा पंप घेऊन लोखंड कातून देणाऱ्या लेथवाल्याकडे गेलो. तो माझा दोस्त.

"दांडा काप, आणि पुलीची मागची बाजू घास," मी म्हटलं. "पट्टा जुन्या रेषेत यायला पाहिजे."

"जास्त घासली गेली तर?"

"तर वाट लागली. दुसरी नाही मिळत."

"मग तू समोर उभा राहू नकोस यार."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. त्याने पुली थोडी घासली, मला दाखवली, पुन्हा थोडी घासली. शेवटी पंखा आणि जाळी यांच्यामध्ये अंगठा जाईल एवढी फट राहिली. पुरेशी होती. सांध्यात घालायचं जाड कागदाचं गॅस्केट कापून, ग्रीस लावून मी पंप बसवला आणि इंजिन चालू केलं. रेडिएटरवर कांबळं टाकलं, म्हणजे वारा लागणार नाही आणि इंजिन लवकर तापेल. उष्णतेचा काटा चढला, एका जागी थांबला आणि तिथेच राहिला. पंपाखाली मी कोरा कागद धरला. कागद कोरडा.

रविवारी सकाळी दोघंही गॅरेजवर आले. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. वकीलसाहेब पांढरे पडले होते.

"राऊत, तुम्ही हिच्याबरोबर जा," ते म्हणाले. "गायमुखाच्या चढावर काही झालं तर?"

मी टॉवेलला हात पुसून तयार झालो. बाई म्हणाल्या, "राऊतांना कशाला? त्यांचा सुट्टीचा दिवस आहे. तुम्ही चला ना."

"मी?"

"भीती माझ्या ड्रायव्हिंगची आहे की पंपाची?"

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बॉनेट आवळायचा कातडी पट्टा तपासायला लागलो. जागा दोनच. एक बाईंची. दुसरीत कोण बसणार ते त्यांनाच ठरवायचं होतं. ते बसले. टोपी काढून मांडीवर घट्ट धरली. बाईंनी गिअर टाकला आणि गाडी ठाण्याच्या दिशेने अशी सुटली की टोपी काढली ते बरं केलं असं मला वाटलं.

गॅरेज बंद होतं, तरी मी तिथेच थांबलो. घरी सांगितलं, काम आहे. काम काहीच नव्हतं. दांडा आपण कापून घेतलेला, पुली आपण घासून घेतलेली आणि रस्त्याला जंगल. जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुपार टळून गेल्यावर फोन वाजला.

"राऊत? बोरिवलीहून बोलतोय. इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून."

दवाखाना ऐकून मी रिसिव्हर दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, काय झालं?"

"काही नाही. काटा हलला नाही. गायमुखाला मीच डोळे मिटले होते, गाडीला काही झालं नाही. ऐका, मी ट्रेनने येतोय."

"ट्रेनने? बाईंनी जास्त जोरात चालवली का?"

"तसं नाही हो. माझ्या जागेवर सासूबाई येताहेत. राहायला. कायमच्या." मग आवाज खाली करून म्हणाले, "इतकी वर्षं मी हिच्याबरोबर निरोपच पाठवत होतो, इकडे या म्हणून. आज मी दारात उभा राहून म्हटलं, चला. त्या लगेच उठल्या. म्हणाल्या, जावई स्वतः न्यायला आल्याशिवाय कशी येऊ? हे मला कोणी सांगितलंच नाही राऊत."

"बाईंना माहीत होतं?"

"ती म्हणते, तुम्ही कधी विचारलंत?"

संध्याकाळी उन्हं असतानाच गाडी गॅरेजसमोरून गेली. बाईंनी हॉर्न वाजवला. शेजारी नऊवारीतली एक बारीकशी म्हातारी, मांडीवर देव्हारा, पदर कानाभोवती गच्च आवळलेला आणि चेहरा वाऱ्याच्या दिशेने उंच धरलेला. पंपाखाली थेंब पडतोय का हे बघायला मी रस्त्यावर धावलो. धुळीत थेंब नव्हता.

त्यानंतर त्या गाडीला घोडबंदरला जायचं कारणच उरलं नाही. बाई तिच्यातून मुलुंडच्या बाजारात भाजी आणायला जायच्या. एवढ्या खटपटीने बसवलेला पंप घाटाच्या कामाला एकदाच लागला. धुरीशेठना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मगे काय झाला? फुकट तर नाय ना गेलो?"

पुढे मी पुष्कळ पंप बदलले. गिऱ्हाईक पंप बदला म्हणालं की पंप बदलावा आणि बाजूला व्हावं. बाकीचं काय बदलायचं ते घरचे लोक बघून घेतात.