डझनातलं बारावं केळं

"आन् हे गेल्या पेराचं!" असं म्हणत आमचे केळीवाले शेवटचं केळं पिशवीत टाकायचे.

ते बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवत मोजायचे. तुम्हीही मोजून बघा, चार बोटांची पेरं बारा, म्हणजे झाला डझन. पण त्यांच्या करंगळीचं टोक लोणी काळभोरला कडबा कापताना गेलं होतं. म्हणून पेरांवर अकरा आणि वर एक. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, एक फुकट मिळालं! आम्ही पुणेकर, घरी जाऊन मोजायचो आणि हिरमुसायचो.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचे. एका संध्याकाळी मोजता मोजता ते म्हणाले, "बाई, ह्यो डझन सायबाचाच ना वो?"

मला काय, आयतंच मिळालं! सांगितलं, साहेबानं तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांना मिळाला लॅटिनमधून. तिथे मूळ शब्दाचा अर्थ 'दोन आणि दहा'. आपल्या संस्कृतातल्या 'द्वादश'चाही तोच. दोघं एकाच घराण्यातले.

"म्हंजी आपला चुलतभाऊच की! आन् मी उगं सायेब समजून दबून व्हतो!"

खो खो हसत त्यांनी पिशवी काकांच्या हातात दिली. काका म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क. दहा मिनिटांत ते परत आले आणि भर चौकात म्हणाले, "अहो, डझनात अकरा कुठल्या गणितानं बसतात?"

केळीवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या वर्षांचं नाव, आणि गाडीभोवतीची माणसं आपापल्या पिशव्या उघडून मोजायला लागली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, चूक माझी. मीच त्यांना बोलण्यात गुंतवलं."

"आपण इंग्रजी शिकवा. गणित राहू द्या."

"न्हाई बाई, हात माझा, चूक माझी," केळीवाले म्हणाले. मग काकांना हात जोडून, "उद्यापासनं मी मोजनारच न्हाई. तुमीच मोजा. तुमी बारा म्हनलं की बारा."

काका गांगरले. पण दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला गाडीपाशी हजर! पुढे कित्येक वर्षं सगळ्या पेठेची केळी काकांनी मोजली, तीही हजेरी घेतल्यासारखी खणखणीत. डागाळलेलं केळं धरायचं की नाही, यावरून दोघं रोज भांडायचे.

मग केळीवाल्यांचे गुडघे गेले. मुलगा त्यांना गावी घेऊन गेला. चौकातला त्यांच्या गाडीचा कोपरा फार ओका वाटायला लागला.

आठवड्यानं सहा वाजता बघते, तर काका त्या कोपऱ्यावर उभे.

"काका, कुणाची वाट बघताय?"

"छे! वाट कसली? पाय मोकळे करायला आलोय."

तासाभरानं मी भाजी घेऊन परतले, तरी ते तिथंच उभे होते.